पेढीचा ई-मेल नेमका कुठे साठतो?

मालेगावचा सूत व्यापारी असो, भिवंडीचा कापड आडत्या असो की सोलापूरचा टॉवेल कारखानदार, आज ई-मेलवाचून कोणाचेही भागत नाही. जीएसटीचा वन टाइम पासवर्ड, बँकेचा खातेउतारा, मोठ्या खरेदीदाराची परचेस ऑर्डर हे सर्व मेलवर येते. दलाल सौदा फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर पक्का करतो हे खरे, पण भानगड उभी राहिली की समोरचा आधी म्हणतो, "मेल दाखवा." तो मेल तेव्हा सापडेल की नाही, हे कॉम्प्युटरवर खाते जोडताना निवडलेल्या दोन-तीन गोष्टींवर ठरते. आपली खातेवही कोणत्या कपाटात आहे हे मुनीमजी झोपेतही सांगतील. मेल कुठे आहे असे विचारले तर उत्तर मिळते, "कॉम्प्युटरवाला जोडून गेला आहे." हे उत्तर व्यापाऱ्याला शोभणारे नाही. मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आपल्याला ताकीद आहे. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, याच विषयावर आहे. आता लिहिणे मेलवर होऊ लागले, तर लिहिलेले कुठे पडून आहे हे माहीत असणे आलेच.

पेटी दोन ठिकाणी असते

मेलची एक पेटी सर्व्हरवर असते, म्हणजे गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा ज्या कंपनीकडून आपण वेबसाइटची जागा भाड्याने घेतली तिच्या मशीनवर. दुसरी पेटी आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये असते. आउटलुक, थंडरबर्ड अशा प्रोग्रामने खाते जोडले की ती तयार होते. पहिलीला पोस्टातला बॉक्स समजा, दुसरीला पेढीतली फाइल. कागद बॉक्समधून फाइलमध्ये येतो तेव्हा मूळ कागद येतो की त्याची नक्कल, हा यातला खरा मुद्दा आहे आणि त्याचे उत्तर खात्याच्या प्रकारात दडलेले आहे. जे बांधव फक्त ब्राउझरमध्ये जीमेल उघडून पाहतात, त्यांच्याकडे बहुधा पहिलीच पेटी असते. नेट बंद पडले की त्यांचे दफ्तरही बंद.

खात्याचे जुने वळण म्हणजे पॉप. त्यात मेल सर्व्हरवरून उतरवून घेतला जातो आणि सर्व्हरवरचा काढून टाकला जातो. आज हे विचित्र वाटते, पण त्या काळात तेच शहाणपणाचे होते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा नेट टेलिफोनच्या तारेवर चाले आणि मिनिटाला पैसे पडत. ज्या गावी केंद्र नव्हते तिथल्या माणसाला एसटीडी लावावा लागे. फोन लावायचा, मेल उतरवायचे, फोन कापायचा आणि मग निवांत वाचत बसायचे. पेढीत कॉम्प्युटर एकच असे, त्यामुळे मेल त्याच्या पोटात गेला तरी कोणाची अडचण होत नसे.

दुसरे वळण आयमॅप. ते १९८६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी काढले, पण आपल्या बाजारात ते फार उशिरा रुजले. यात मूळ मेल सर्व्हरवरच राहतो. कॉम्प्युटरमध्ये आणि मोबाइलमध्ये फक्त त्याची नक्कल येते आणि दोन्ही ठिकाणचा मेळ सतत जुळवला जातो. मुनीमजींनी वाचलेला मेल शेटजींच्या मोबाइलवर वाचलेला दिसतो, इथून पाठवलेला मेल तिथे 'सेंट'मध्ये दिसतो. मायक्रोसॉफ्टची कंपनी खाती एक्सचेंज नावाच्या तिसऱ्या पद्धतीने जोडली जातात. आपल्या कामापुरते ती आयमॅपचीच मोठी बहीण समजायला हरकत नाही.

आता पेढीत कॉम्प्युटर तीन, मोबाइल पाच आणि खाते एकच, अशी स्थिती आहे. यातला एक जरी कॉम्प्युटर पॉपवर असेल तर तो गुपचूप टपाल उचलून नेत असतो. हल्लीचे प्रोग्राम पॉपमध्येही 'सर्व्हरवर नक्कल ठेवा' ही खूण आपोआप करून देतात, पण तिच्या खालीच 'चौदा दिवसांनी काढून टाका' अशी दुसरी खूण असते आणि ती कोणी वाचत नाही. पंधरवड्यानंतर मोबाइलवर ऑर्डर दिसेनाशी होते. मग नोकरावर संशय घेतला जातो. नोकर बिचारा निर्दोष असतो. शिवाय पॉपवाल्या कॉम्प्युटरवरून पाठवलेले मेल सामान्यतः त्याच कॉम्प्युटरमध्ये राहतात, इतरांना दिसत नाहीत. भाव काय कळवला होता हे एकालाच माहीत, आणि तो सुट्टीवर!

आपले खाते कोणत्या प्रकारचे आहे हे पाहायला एक मिनिट लागते. जुन्या आउटलुकमध्ये 'फाइल' आणि त्यातील 'अकाउंट सेटिंग्ज' उघडावे. खात्यांच्या यादीत नावासमोर प्रकार लिहिलेला असतो. थंडरबर्डमध्ये खात्यावर उजवी कळ दाबून 'सेटिंग्ज' उघडले की 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये पहिल्याच ओळीत तो दिसतो. पेढीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर हे तपासावे. एक पाहून बाकीचे तसेच असतील असे गृहीत धरू नये, कारण प्रत्येक कॉम्प्युटर वेगळ्या वर्षी वेगळ्या माणसाने जोडलेला असतो.

पॉपचे आयमॅप करायचे असेल तर जुन्या खात्यातच फेरफार करून ते होत नाही. आधी जुन्या खात्यातली 'काढून टाका' ही खूण बंद करावी. मग त्याच पत्त्याचे नवे खाते आयमॅप म्हणून शेजारी जोडावे आणि जुन्या फाइलमधले मेल थोडे थोडे करून नव्या खात्याच्या फोल्डरमध्ये टाकावेत. ते वर सर्व्हरवर चढतात. गूगलच्या कंपनी खात्यांना या मार्गाने दिवसाला ५०० एमबी चढवण्याची मर्यादा आहे, म्हणून मोठ्या पेटीला आठवडा लागला तर घाबरू नये. सर्व मेल वर दिसू लागले याची ब्राउझरमधून खात्री झाल्याशिवाय जुने खाते काढू नये.

जोडणीचे आकडे

नव्याने जोडताना पत्ता आणि पासवर्ड दिला की बाकी माहिती प्रोग्राम बहुधा स्वतःच शोधून काढतो. अडला तर हाताने भरावी लागते, म्हणून दोन-चार आकडे डायरीत लिहून ठेवावेत. आयमॅपने मेल घेण्यासाठी पोर्ट ९९३, पॉपसाठी ९९५, आणि मेल पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. जीमेलचा घेणारा सर्व्हर आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम आणि पाठवणारा एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम. युजर नेमच्या जागी पूर्ण ई-मेल पत्ता लिहायचा, नुसते नाव नाही. पाठवणाऱ्या सर्व्हरलाही पासवर्ड लागतो अशी एक खूण असते, ती करावी. मेल येतो पण जात नाही अशा तक्रारीत ती राहून गेलेली असते, नाहीतर जुन्या सवयीने कोणीतरी पोर्ट २५ लिहिलेला असतो. तो पोर्ट बऱ्याच इंटरनेट कंपन्या बंद ठेवतात.

पासवर्ड बरोबर असूनही आउटलुक तो पुन्हा पुन्हा विचारतो, ही तक्रार आमच्या बाजारात फार ऐकू येते. कारण वेगळेच आहे. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसता नाव-पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रामने आत शिरण्याची सोय बंद केली. मायक्रोसॉफ्टने कंपनी खात्यांसाठी ती १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतली आणि आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. आता प्रोग्रामने कंपनीची स्वतःची खिडकी उघडून तिथे ओळख पटवावी लागते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या आउटलुकला ही खिडकी उघडताच येत नाही, मग तो अडाण्यासारखा पासवर्ड मागत बसतो. जीमेलसाठी एक पळवाट आहे. खात्याला दोन टप्प्यांची ओळख चालू करून सोळा अक्षरांचा 'ॲप पासवर्ड' काढायचा आणि नेहमीच्या पासवर्डऐवजी तो द्यायचा. पण माझे मत विचाराल तर जुना प्रोग्राम बदलावा. ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला आहे. थंडरबर्ड फुकट मिळतो, गूगलची खिडकी नीट उघडतो, आणि लहान पेढीला त्याहून अधिक काही लागत नाही. नव्या विंडोजबरोबर येणाऱ्या 'न्यू आउटलुक'मध्ये जीमेलसारखे बाहेरचे खाते जोडले तर त्या मेलची नक्कल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही जाते. जोडताना तशी सूचना येते, ती वाचूनच 'कंटिन्यू' दाबावे.

नेट नसताना काय हाताशी राहते

आयमॅप किंवा एक्सचेंज खात्याची जी नक्कल कॉम्प्युटरमध्ये राहते तिच्या जोरावर नेट किंवा सर्व्हर बंद असतानाही जुना मेल उघडता येतो. पण सगळा मेल खाली उतरलेला असतो असे नाही. आउटलुकमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये 'मेल टू कीप ऑफलाइन' नावाची सरकपट्टी असते. ती काही दिवसांपासून 'ऑल' म्हणजे सर्व काळापर्यंत सरकते. बहुतेक ठिकाणी ती एका वर्षावर उभी असते, लहान डिस्कच्या कॉम्प्युटरवर त्याहूनही कमी. दोन वर्षांपूर्वीचा दरपत्रकाचा मेल शोधायला जावे तर तो सापडत नाही आणि माणूस म्हणतो, उडाला. उडालेला नसतो. तो सर्व्हरवर असतो, फक्त खाली उतरवलेला नसतो. फोल्डरच्या तळाशी 'सर्व्हरवर आणखी मेल आहेत' अशा अर्थाची एक ओळ असते, ती दाबली की वरचे मेल दिसतात. हिशेबाच्या मुख्य कॉम्प्युटरवर ही पट्टी 'ऑल'वर ठेवावी. डिस्कवर जागा लागेल, पण एक कॉम्प्युटर असा असावाच की ज्यात पहिल्या मेलपासून सर्व उतरलेले आहे. बाकीच्यांवर सहा महिने पुरतात. गोदामातल्या जुन्या मशीनवर तर एक महिनाही पुष्कळ, नाहीतर ते चालताना धापा टाकते.

थंडरबर्डमध्ये हेच काम 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोअरेज' या पानावर होते. तिथे 'या खात्याचे मेल या कॉम्प्युटरवर ठेवा' ही खूण करावी, आणि खाली सर्व मेल हवे की ठरावीक दिवसांचे ते निवडावे. मोठ्या आकाराचे मेल उतरवू नका अशीही एक खूण तिथे असते. डिझाइनचे फोटो आणि स्कॅन केलेली कागदपत्रे हेच आपले मोठे मेल, म्हणून मुख्य कॉम्प्युटरवर ती रिकामी ठेवावी.

याच पानावर सर्वांत खाली एक भाग आहे ज्याला हात लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. डिस्कवर जागा व्हावी म्हणून इतक्या दिवसांपेक्षा जुने मेल काढून टाका, असा पर्याय तिथे दिलेला असतो. वाटते की फक्त या कॉम्प्युटरवरची नक्कल जाईल. तसे नाही. आयमॅप खात्यात तो सर्व्हरवरचे मूळ मेलही कायमचे पुसतो, हे तिथेच इंग्रजीत लिहिलेले आहे. 'डोन्ट डिलीट एनी मेसेजेस' हाच पर्याय निवडलेला असावा.

इथेच आयमॅपचा दुसरा चेहरा कळतो. दोन्ही पेट्यांचा मेळ जुळवणे हा त्याचा गुण आहे आणि तोच त्याचा धोका. एका ठिकाणी पुसले की सगळीकडे पुसले जाते. जीमेलच्या ट्रॅशमध्ये ते तीस दिवस राहते, मग तिथूनही जाते. त्यामुळे तीन कॉम्प्युटरवर मेल आहे म्हणजे तीन नकला आहेत, असे समजून निर्धास्त राहणे ही गफलत आहे. ती एकाच नकलेची तीन प्रतिबिंबे आहेत.

आमच्या बाजारातल्या एका सूत पेढीचे उदाहरण यासाठी सांगण्यासारखे आहे. त्यांचे मेल स्वतःच्या वेबसाइटच्या नावाने होते आणि जागा एका कंपनीकडून भाड्याने घेतलेली होती. दुसरीकडे स्वस्तात मिळते म्हणून कॉम्प्युटरवाल्याने जागा बदलून दिली. पत्ते तेच, पासवर्ड तेच, सर्व्हरचे नावही तेच ठेवले, म्हणजे कोणाला काही बदलावे लागू नये. हेतू चांगला होता. सकाळी पेढी उघडली, दोन कॉम्प्युटर सुरू झाले, त्यांनी नव्या सर्व्हरकडे पाहिले तर तिथे पेटी रिकामी. मेळ जुळवायचा म्हणून त्यांनी आपापल्या पेट्याही रिकाम्या केल्या. चार वर्षांचा पत्रव्यवहार चहा येण्याच्या आत नाहीसा झाला. जुन्या कंपनीकडची जागा तोवर बंद करून टाकलेली होती. गिरण्यांचे दर, परत गेलेल्या बाचक्यांची तक्रार, कोणाला किती दिवसांची उधारी कबूल केली होती ते सगळे त्यात.

सुदैवाने गोदामातला तिसरा कॉम्प्युटर बंद होता, कारण तो चालवणारा मुलगा लग्नाला गावी गेला होता. तो सुरू करण्याआधी त्याची नेटची वायर काढली. मग आउटलुक उघडून 'वर्क ऑफलाइन' दाबले आणि 'इम्पोर्ट एक्सपोर्ट'मधून सर्व मेल एका वेगळ्या पीएसटी फाइलमध्ये काढून घेतले. सर्व चार वर्षे मिळाली. वायर काढण्याचे सुचले नसते, किंवा त्या कॉम्प्युटरची पट्टी तीन महिन्यांवर असती, तर मिळाली नसती.

तेव्हा जागा बदलायची असेल तर बदलण्यापूर्वी सर्व मेल पीएसटीमध्ये काढून ठेवावेत आणि जुनी जागा आणखी एक-दोन महिने भाडे भरून चालू ठेवावी. वेबसाइटचे नाव कोणाच्या नावावर नोंदलेले आहे हेही पाहावे. पुष्कळ ठिकाणी ते कॉम्प्युटरवाल्याच्या नावावर निघते. दुकानाची भाडेपावती दुसऱ्याच्या नावावर असल्यासारखेच हे आहे, आणि त्याच्याशी बिनसले तर मेलही बंद पडू शकतो.

एक खाते, पाच माणसे

आपल्याकडे सर्वांनी एकच पत्ता आणि एकच पासवर्ड वापरण्याची रीत आहे. घरातलीच माणसे, मग कशाला वेगळे? पण त्यातून तीन त्रास होतात. एक, आयमॅपमध्ये वाचल्याची खूण सर्वांना दिसते. भावाने मेल उघडून पाहिला आणि विसरला, बाकीच्यांना वाटले काम झाले. दोन, जीमेल एका खात्याला एका वेळी पंधराच जोडण्या देते आणि थंडरबर्ड एकटा पाच जोडण्या घेऊ शकतो. तीन कॉम्प्युटर आणि दोन मोबाइल झाले की 'टू मेनी कनेक्शन्स' असा संदेश येऊन मेल अडतो. सर्व्हर सेटिंग्जच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये हा पाचाचा आकडा दोन करावा, त्रास मिटतो. तीन, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर आपले खाते तसेच चालू राहते. भाव, गिऱ्हाइके, उधारी सगळे त्याला दिसत राहते. प्रत्येकाचे वेगळे खाते आणि सर्वांसाठी एक सामाईक पत्ता, हे उत्तम. ते जमत नसेल तर माणूस गेला त्या दिवशी पासवर्ड बदलावा, आणि खाते सोडवण्याचा मोबाइल नंबर मालकाचाच ठेवावा, ऑपरेटरचा नाही.

त्याच वेळी जीमेलच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' ही दोन पाने उघडून पाहावीत. अनोळखी पत्त्यावर मेल पुढे जात असेल तर कोणीतरी आत शिरलेले आहे. भामटे अशाच रीतीने महिनोन्महिने पत्रव्यवहार वाचतात आणि बिलाच्या पैशांची वेळ आली की "आमचा बँक खाते नंबर बदलला आहे" असा मेल धाडतात. नंबर बदलल्याचा मेल आला तर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये, आणि फोन त्या मेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्या जुन्या डायरीतल्या नंबरवर करावा.

जुना मेल कशासाठी लागतो

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०२३-२४ या वर्षाच्या विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाचे कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. बिले आणि क्रेडिट नोटा मेलवरच येत असतील तर ते मेलही त्या काळापर्यंत हाताशी हवेत.

यंत्रमाग कारखानदार आणि मजुरीवर माल विणणाऱ्या कारागिरांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर करारातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. ही मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात. खरेदीदाराची मालाबद्दल तक्रार असेल तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी यावी लागते. आपल्या धंद्यात काय होते? तीन महिने पैसे मागितले की चौथ्या महिन्यात सांगतात, ताक्यात डाग होते, पन्हा कमी होता. त्या पंधरा दिवसांत तुमच्या पेटीत तक्रारीचा एकही मेल आलेला नाही, हे दाखवायला ती पेटी अखंड असावी लागते. माल रवाना केल्याचा मेल, त्याला आलेली पोच, ठरलेल्या दिवसांचा उल्लेख, हे सर्व तारीखवार हवे. मात्र केवळ व्यापार करणाऱ्यांना, म्हणजे आमच्यासारख्यांना, या कलमांचा लाभ मिळत नाही. तो विणणाऱ्याचा आहे.

मामला कोर्टात गेलाच तर मेलचा नुसता छापील कागद पुरत नाही. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले की, मूळ यंत्रच कोर्टात हजर केले नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या नकलेसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, आता ते प्रमाणपत्र त्याच्या कलम ६३ खाली द्यायचे असते. कोणत्या यंत्रातून नक्कल काढली हे त्यात लिहावे लागते. कोणत्या कॉम्प्युटरवर कोणते खाते आणि कोणत्या प्रकारचे, ही यादी पेढीत तयार असेल तर वकिलाचे अर्धे काम हलके होते.

वेगळी नक्कल

म्हणून मेळ जुळवणाऱ्या पेटीखेरीज एक सुटी नक्कल हवी, जिला सर्व्हरचा धागा जोडलेला नाही. आउटलुकवाल्यांनी ३१ मार्चनंतर सरलेल्या वर्षाचे मेल पीएसटी फाइलमध्ये काढावेत. दर वर्षाची फाइल वेगळी ठेवावी. २०१० पासूनचे आउटलुक एका फाइलमध्ये ५० जीबीपर्यंत घेते खरे, पण एवढी मोठी फाइल बिघडली तर सगळेच जाते. थंडरबर्डवाल्यांनी 'लोकल फोल्डर्स'मध्ये वर्षाच्या नावाने फोल्डर करून त्यात मेलची नक्कल टाकावी. नक्कल, म्हणजे 'कॉपी'. 'मूव्ह' केले तर वरून निघून जातील. फक्त ब्राउझर वापरणाऱ्यांना 'गूगल टेकआउट'मधून सर्व मेल एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात, आणि ती फाइल पुढे थंडरबर्डमध्ये घेता येते.

पीएसटी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून नेटवर्कवरून उघडू नये. मायक्रोसॉफ्ट स्वतःच ते चालणार नाही म्हणते, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. उघडी असताना वीज गेली की ती बिघडते. मुख्य कॉम्प्युटरला लहानसा यूपीएस लावावाच.

कॉम्प्युटर फॉरमॅट करायला देताना कारागीर 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' यांची नक्कल काढतो. थंडरबर्डची सारी पेटी, 'लोकल फोल्डर्स'सह, 'ॲपडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. आउटलुकची ऑफलाइन नक्कलही तिथेच असते. त्याला तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्यावे. नक्कल काढून झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती उघडून एक जुना मेल वाचून पाहावा, मगच फॉरमॅट करू द्यावे.

सुटी नक्कल ठेवायची डिस्क दोन असाव्यात, एक पेढीत आणि एक घरी. आमच्याकडे शुक्रवारी माग बंद असतात. जुम्याच्या नमाजला निघण्यापूर्वी डिस्क जोडावी, त्या आठवड्याची नक्कल घ्यावी आणि परत काढून ठेवावी. ती कॉम्प्युटरला कायम जोडलेली ठेवली तर व्हायरस कॉम्प्युटरबरोबर तिलाही खातो. डिस्कवर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, आणि पुढच्या शुक्रवारी घरची डिस्क पेढीत आणून पेढीतली घरी न्यावी.